तामलकी कोणती? बीड जिल्ह्यातील भुईआवळीच्या जातींची नोंद आपणच घ्यावी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. गुरे, शेळ्या व मेंढ्या राखणारे आणि रानात वावरणारे लोक वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. मात्र तेवढ्याने औषधीचा योग्य उपयोग कळत नाही, असा त्याचा आशय आहे. आज आपली स्थिती नेमकी उलट झाली आहे. योग, मात्रा, अनुपान आपणांस मुखोद्गत असते. परंतु ज्या द्रव्यावर हे सर्व उभे आहे, त्याचे रूप ओळखण्याचे काम आपण औषधी गोळा करणाऱ्यावर आणि व्यापाऱ्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. याचे उदाहरण म्हणून एखादे दुर्मिळ हिमालयीन द्रव्य शोधण्याची आवश्यकता नाही. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात प्रत्येक बांधावर उगवणारी भुईआवळी त्यासाठी पुरेशी आहे.

भुईआवळी म्हणजेच भूम्यामलकी किंवा तामलकी. चरकाच्या कासहर व श्वासहर या दोन्ही महाकषायांत तिचा समावेश आहे. च्यवनप्राशाच्या मूळ पाठातही ती आहे. भावप्रकाशाने तिला बहुपत्रा, बहुफला अशी नावे देऊन कास, पांडू, रक्तपित्त इत्यादींवर तिचा उपयोग सांगितला आहे. आजच्या व्यवहारात मात्र ती मुख्यतः कामलेचे औषध म्हणूनच ओळखली जाते. खेडोपाडी ठराविक वारी तिचा रस देणारे लोक आहेत, आपल्या चिकित्सालयांत तिचे चूर्ण व घनवटी आहे आणि औषधी कारखानदारांच्या यकृतविकारांवरील बहुतेक योगांत ती आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या या द्रव्याविषयी एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो: आपण वापरतो ती भुईआवळी नेमकी कोणती?

एक नाव, अनेक वनस्पती

वनस्पतिशास्त्रात भुईआवळी ‘फायलँथस’ या प्रजातीत येते. (येथे प्रजाती म्हणजे मोठा गट आणि जाती म्हणजे त्यातील एक एक प्रकारची वनस्पती, असा अर्थ घ्यावा.) या प्रजातीत उष्ण प्रदेशांतील आठशेहून अधिक जाती आहेत. आपला आवळ्याचा वृक्षही याच प्रजातीत गणला जात आला आहे. भुईआवळीसारख्या दिसणाऱ्या लहान, वर्षायू किंवा अल्पायू जाती महाराष्ट्रात अनेक आहेत. त्यांपैकी अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस, युरिनारिया, मदरासपटेन्सिस आणि व्हर्गेटस या सहा जाती आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या होत.

घोळाचा आरंभ जुना आहे. लिनियसने १७५३ मध्ये ‘फायलँथस निरुरी’ हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात हूकर यांनी ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात आपल्याकडील भुईआवळ्यांना हेच नाव लावले आणि पुढील द्रव्यगुणविषयक ग्रंथांनी ते तसेच उचलले. वस्तुतः खरी निरुरी ही अमेरिका खंडातील वनस्पती आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ ग्रेडी वेबस्टर यांनी १९५५ मध्ये फ्रॅटर्नस ही जाती स्वतंत्रपणे वर्णिली. त्यानंतर १९८५ मध्ये मित्रा व जैन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, भारतीय ग्रंथांतील ‘निरुरी’ या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन निरनिराळ्या वनस्पती एकत्र झालेल्या आहेत. या गोष्टीस चार दशके होऊन गेली, तरी निरुरी हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून व औषधांच्या वेष्टनांवरून पुरते गेलेले नाही.

आता पुढील विसंगती पाहावी. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशाच्या पहिल्या भागाच्या पहिल्या खंडात तामलकी म्हणून फ्रॅटर्नस ही जाती दिली आहे. प्रत्यक्ष बाजारात काय मिळते? बंगळूरच्या संशोधकांनी दक्षिण भारतातील दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांची तपासणी करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ७६ टक्के नमुन्यांत जवळजवळ संपूर्णपणे अमारस ही जाती आढळली. उरलेल्या २४ टक्क्यांत डेबिलिस, फ्रॅटर्नस, युरिनारिया, मदरासपटेन्सिस इत्यादींचे मिश्रण होते. म्हणजे वेष्टनावर निरुरी, औषधिकोशात फ्रॅटर्नस आणि पोत्यात बहुधा अमारस! तिन्ही नावांमागे तीन वेगळ्या वनस्पती आहेत आणि त्यांतील एक तर आपल्या देशातील नव्हेच.

यात आणखी एक विचार करण्याजोगा मुद्दा आहे. अमारस ही जातीदेखील मूळची अमेरिकेतील असून मागाहून जगभर पसरली, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे. फ्रॅटर्नस मात्र भारतीय उपखंडाकडची मानली जाते. हे मत ग्राह्य धरल्यास संहिताकारांसमोर असलेली तामलकी आणि आज आपण सर्वाधिक वापरत असलेली भुईआवळी या एकच वनस्पती असणे अशक्य ठरते. म्हणून अमारस निरुपयोगी आहे, असे कोणी समजू नये. परंतु तिचे गुण संहितेतील तामलकीच्या नावावर परस्पर जमा करण्यापूर्वी आपण थांबून पाहिले पाहिजे.

याने चिकित्सेत काय फरक पडतो?

‘आम्हांला गुण येतो, मग जातीची उठाठेव कशाला?’ असा प्रश्न काही ज्येष्ठ वैद्य विचारतात. या प्रश्नाचा आदर राखून उत्तर दिले पाहिजे.

पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे पसरणारी कावीळ बहुसंख्य रुग्णांत पथ्य व विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. अशा रुग्णांवरून कोणती भुईआवळी अधिक उपयुक्त, हे ठरविता येत नाही; कोणतीही दिली तरी यश वैद्याच्याच पदरी पडते. कसोटी लागते ती दीर्घकालीन यकृतविकारांत. मद्रासच्या त्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हिपॅटायटिस-बी विषाणूच्या दीर्घकालीन वाहकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमारस जातीचे चूर्ण ३० दिवस दिलेल्या ३७ पैकी २२ रुग्णांच्या, म्हणजे ५९ टक्के रुग्णांच्या रक्तातील विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. निष्क्रिय चूर्ण दिलेल्या २३ जणांत असा एकच रुग्ण होता. या निष्कर्षाने जगाचे लक्ष भुईआवळीकडे वेधले. परंतु पुढे थायलंड व न्यूझीलंड येथील चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेनेही निष्क्रिय औषधाच्या तुलनेत लाभ होतो याचा विश्वासार्ह पुरावा नसल्याचे म्हटले.

या अपयशाची कारणे अनेक असू शकतात. परंतु जाती, जमीन, काढणीचा काळ आणि साठवण या गोष्टी प्रत्येक वेळी नोंदलेल्या असत्या तर निदान कारणांची चर्चा करता आली असती. भुईआवळीतील फायलँथिन व हायपोफायलँथिन ही द्रव्ये अमारसमध्ये ठळकपणे आढळतात. सर्व जातींत त्यांचे प्रमाण सारखे नाही. त्यामुळे एका जातीवर झालेला प्रयोग दुसऱ्या जातीच्या चूर्णाला लागू करणे, हे एका रुग्णाचा रक्ततपास दुसऱ्याच्या कागदपत्रांना जोडण्यासारखे आहे.

शास्त्राने प्रतिनिधी द्रव्याची मुभा दिली आहे, असाही युक्तिवाद केला जातो. मुभा आहे, हे खरे. परंतु मूळ द्रव्य कोणते, ते मिळाले नाही म्हणून त्याच्या जागी कोणते घेतले, हे वैद्याला ठाऊक असते तेव्हाच त्याला प्रतिनिधी म्हणतात. न कळत जे पोत्यात आले, त्याला प्रतिनिधी म्हणता येणार नाही.

बीड जिल्हाच का?

या प्रश्नाला आपल्या इतिहासाचे एक अंग आहे, ते फारसे लक्षात घेतले जात नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्रातील वनस्पतींच्या अभ्यासाचा तो पाया ठरला. परंतु मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपला तेव्हाचा ‘भीर’ जिल्हा कुक यांच्या कक्षेबाहेर राहिला. मद्रास इलाख्याच्या ग्रंथातही त्याला स्थान नव्हते. दोन इलाख्यांच्या मध्ये असल्याने आपली झाडे कोणाच्याच यादीत नीट आली नाहीत. ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली ती मराठवाडा विद्यापीठातील प्रा. व्ही. एन. नाईक यांनी. त्यांचा मराठवाड्याचा वनस्पतिकोश १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मराठवाड्यातील सामान्य वनस्पती’ हे त्यांचे मराठी पुस्तकही वैद्यांनी संग्रही ठेवावे असे आहे.

तथापि एका प्रदेशाचा वनस्पतिकोश आणि औषधी संकलनासाठी लागणारी तालुकावार नोंद यांत अंतर आहे. वनस्पती जिल्ह्यात आहे, एवढे कोश सांगतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या जमिनीत, किती प्रमाणात व कोणत्या दुसऱ्या जातीत मिसळून आहे, हे आपणांस हवे असते. बीड जिल्हा या दृष्टीने फार बोलका आहे. पाटोदा, आष्टी, केज, अंबाजोगाई या भागांत बालाघाटाचे उथळ, मुरमाड माळ आहेत. गेवराई, माजलगाव व परळीकडे गोदावरीच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि कालव्याखालचा ऊस आहे. कोरडवाहू कापूस व सोयाबीनचे शेत आणि बारमाही ओलाव्याचा उसाचा पाट यांत एकच जाती वाढेल, असे मानण्याचे कारण नाही. अमारसला ओलसर, सावलीची जागा मानवते. फ्रॅटर्नस उघड्या शेतांत वाढते. मदरासपटेन्सिस दख्खनच्या काळ्या जमिनीत सर्रास आढळते. म्हणजे माजलगावहून आलेले पोते व पाटोद्याहून आलेले पोते एकाच नावाचे असले तरी आतील वनस्पती भिन्न असण्याचा संभव आहे.

निकड आणखी एका कारणाने वाढली आहे. खुरपणीची जागा तणनाशकांनी घेतली, तेव्हापासून भुईआवळीसारखी तणे शेतातून हटत आहेत. जी उरतात ती फवारणी झालेल्या शेताच्या कडेची असू शकतात. शिवाय ज्या स्त्रिया खुरपणी करताना या रोपांतील बारीक भेद जाणतात, त्यांतील पुष्कळशा दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी जिल्हा सोडून जातात. त्यामुळे हे काम श्रावण ते आश्विन या काळातच होऊ शकते. तेव्हा फळेही धरलेली असतात आणि माहिती देणारे लोकही गावी असतात.

भिंग आणि धीर एवढेच साहित्य

ओळख पटविण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता पहिल्या पायरीवर नाही. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग व ताजे, फळे धरलेले रोप पुरते.

प्रथम खोड पाहावे. अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस व युरिनारिया यांच्या मुख्य खोडावर पाने नसतात; पाने आडव्या, नाजूक फांद्यांवर दोन रांगांत असतात, त्यामुळे ती फांदीच संयुक्त पानासारखी भासते. मदरासपटेन्सिसच्या मुख्य खोडावरही पाने असतात. ती टोकाकडे रुंद व देठाकडे निमुळती असतात. युनानी वैद्यकात ‘कनोचा’ म्हणून वापरले जाणारे बी याच वनस्पतीचे. व्हर्गेटसचीही पाने मुख्य खोडावर येतात आणि तिचे खोड कोनयुक्त असते.

त्यानंतर फळ पाहावे. फळ जवळजवळ बिनदेठाचे, पृष्ठभाग खरबरीत, रोपाला तांबूस छटा आणि पानांच्या कडा केसाळ असतील, तर ती युरिनारिया. तिच्या बियांवरील रेषा आडव्या असतात. अमारस व फ्रॅटर्नस यांच्या बियांवर त्या उभ्या असतात.

सर्वांत कठीण भेद अमारस व फ्रॅटर्नस यांतील आहे. त्यासाठी फुलाच्या पाकळ्यांसारख्या निदलांची संख्या मोजावी. अमारसला पाच, फ्रॅटर्नसला सहा. अमारसच्या बहुतेक पर्णकक्षांत एक नर व एक मादी फूल अशी जोडी असते. फ्रॅटर्नसमध्ये फांदीच्या बुडाकडील कक्षांत नर फुले व टोकाकडील कक्षांत एकेक मादी फूल असते. डेबिलिसलाही सहाच निदले असतात, मात्र तिची पाने दोन्ही टोकांकडे निमुळती असतात.

हे सर्व भेद वाळलेल्या मालात लोपतात. पाने गळून तळाशी भुकटी साचते व हाती काड्या राहतात. म्हणून वाळलेल्या पोत्याची जात विचारण्यात अर्थ नाही. जात ठरवायची ती संकलनाच्या जागी, ओल्या अवस्थेत.

एक व्यवहार्य योजना

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. आपल्या सभासदांनी प्रत्येक तालुक्यातील दोन ठिकाणे निवडावीत. एक कोरडवाहू, एक बागायती. भाद्रपदात एकदा व आश्विनात एकदा तेथील भुईआवळीसदृश प्रत्येक रोप मुळासकट घ्यावे आणि वर्तमानपत्रात दाबून वाळवावे. बावीस ठिकाणे, दोन फेऱ्या, असे एका हंगामात चव्वेचाळीस संकलने होतात. हे काम वाटून घेतल्यास कोणाच्याही चिकित्सालयाची दोनहून अधिक दुपारे जाणार नाहीत.

प्रत्येक नमुन्यासोबत दिनांक, गाव, जमीन, शेतातील पीक, तणनाशक फवारले आहे किंवा नाही, स्थानिक नाव आणि नाव सांगणाऱ्या व्यक्तीची संमती असल्यास तिचे नाव लिहावे. फुलाचे छायाचित्र घ्यावे. निदले मोजून आकडा तेथेच लिहावा. पिकलेली बीजे कागदाच्या पुडीत ठेवावीत. नमुन्याच्या दोन प्रती कराव्यात. एक जिल्ह्यात राहील, दुसरी छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे निश्चितीसाठी पाठवावी. अंतिम नाव तज्ज्ञांनीच द्यावे. आपण संशय असेल तेथे तसे लिहावे.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावर लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. या नोंदवहीत ‘भुईआवळी’ एवढेच लिहिले गेले तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. आपली यादी तयार झाल्यावर संबंधित गावांच्या समित्यांना ती द्यावी. ज्यांच्या शेतांतून आपण हे द्रव्य घेतो, त्यांना त्याची नोंद परत मिळणे न्याय्य आहे.

औषधी दुकानदार व उत्पादक बंधूंना या कामात खर्च दिसेल. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार वेष्टनावर घटकद्रव्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे द्यावी लागतात आणि २००० साली लागू झालेल्या अनुसूची ‘टी’ मध्ये कच्च्या मालाची पडताळणी व नोंद अपेक्षित आहे. वेष्टनावर एक नाव व पोत्यात दुसरी वनस्पती ही स्थिती उद्या तपासणीत उघड झाली, तर उत्तर उत्पादकालाच द्यावे लागेल. दुसरे असे की, गावोगावच्या संकलकांना कोणती जाती हवी ते ओल्या नमुन्यासह दाखविले आणि शुद्ध मालाला थोडा अधिक भाव दिला, तर मिश्रण उगमापाशीच कमी होईल. संकलकाला दोष देणे सोपे आहे. परंतु आपण त्याच्याकडे ‘भुईआवळी’ मागितली आणि त्याने भुईआवळीच दिली. सहा जातींना एकच नाव आहे, यात त्याचा अपराध नाही.

जे वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवितात, त्यांना अनुसूची ‘टी’ मधून सूट आहे. ही सूट विश्वासापोटी दिलेली आहे. तपासणारा अधिकारी नसेल तेथे तपासण्याचे दायित्व वैद्याच्या विवेकावर येते.

नावे पुढेही बदलतील. २००३ च्या वर्गीकरणात ही प्रजाती एरंडाच्या कुलातून निघून स्वतंत्र कुलात गेली. २०२२ मध्ये तिचे अनेक लहान प्रजातींत विभाजन करून आवळ्याला पुन्हा ‘एम्ब्लिका’ म्हणावे, असा प्रस्ताव आला. हे पाहून काही जण म्हणतील की, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही तर आपण कशाला शिणावे? परंतु नाव बदलले तरी वाळवून जपलेला नमुना बदलत नाही. त्यावरील गाव, तिथी व मोजलेली निदले शंभर वर्षांनीही तपासता येतात. म्हणूनच नावांच्या याद्यांपेक्षा नमुन्यांचा संग्रह मोलाचा आहे.

परळीचा वैद्यनाथ ज्या जिल्ह्यात आहे, तेथील वैद्यांना आपल्या बांधावरील औषधीची जात सांगता येऊ नये, हे शोभणारे नाही. भुईआवळीचे काम एका हंगामात पुरे झाले तर पुढील वर्षी पुनर्नवा घेता येईल. तिच्याही नावाखाली कमीत कमी दोन निराळ्या प्रजातींची रोपे विकली जातात. प्रारंभ मात्र भुईआवळीपासून व्हावा. प्रत्येक तालुक्यातून दोन सभासदांनी येत्या श्रावणापूर्वी आपली नावे व निवडलेली ठिकाणे संघटनेच्या जिल्हा शाखेकडे कळवावीत, अशी नम्र विनंती आहे.